परिस्थितिजन्य पुरावा आणि खुनाच्या शिक्षेवरील अपील : 'सारडा' निकालाचे चिकित्सक वाचन



पुरावा कायदा शिकताना 'शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निकाल तुमच्या वाचनात येतोच. बहुतेकांच्या वाचनात मात्र त्यातील पाच ओळीच येतात. परिस्थितिजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची असेल तर कोणत्या पाच कसोट्या पूर्ण व्हायला हव्यात, हे त्या ओळींत सांगितले आहे. उत्तरपत्रिकेत त्या लिहिल्या की गुण मिळतात आणि विषय संपतो.

या पाठात आपण त्या ओळींच्या पुढे जाणार आहोत. या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. साक्षीदार तेच होते, कागद तेच होते, शवविच्छेदन अहवालही तोच होता. मग दोन न्यायालये आणि तिसरे न्यायालय यांच्यात बदलले काय? हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे. पाच कसोट्यांत त्याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. ते मिळवण्यासाठी न्यायालयाने पुरावा कसा वाचला हे पाहावे लागते, आणि त्या वाचनातही काही जागा तपासून पाहाव्या लागतात.

१. परिस्थितिजन्य पुरावा म्हणजे काय?

कायद्याचे विद्यार्थी नसलेल्यांसाठी आधी संज्ञा स्पष्ट करू. समजा, वसतिगृहातील खोलीतून तुमचे घड्याळ नाहीसे झाले. एक मित्र सांगतो, "मी अमक्याला घड्याळ उचलताना पाहिले." हा प्रत्यक्ष पुरावा. दुसरा सांगतो, "दुपारी खोलीत तो एकटाच होता." तिसरा सांगतो, "त्याला पैशांची निकड होती." संध्याकाळी त्याच्या कपाटात घड्याळ सापडते. हा परिस्थितिजन्य पुरावा. घड्याळ उचलताना कोणी पाहिलेले नाही, पण तीन गोष्टींवरून आपण चौथीचे अनुमान काढतो.

येथे प्रत्येक गोष्टीबाबत दोन स्वतंत्र प्रश्न उभे राहतात. पहिला, ती गोष्ट खरोखर सिद्ध झाली आहे का? तो एकटाच होता हे कोणी, कुठून आणि किती वेळ पाहिले? दुसरा, ती सिद्ध झाली असे धरले तरी तिच्यावरून किती अनुमान काढता येते? पैशांची निकड वसतिगृहातील निम्म्या मुलांना असते. कपाटाला कुलूप नसेल तर घड्याळ तेथे दुसऱ्यानेही ठेवले असेल.

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की चूक होते. अनुमान पटण्यासारखे आहे म्हणून वस्तुस्थिती सिद्ध झाली असे मनाला वाटू लागते. खुनाच्या अपिलात वरच्या न्यायालयाचे मोठे काम हे दोन प्रश्न पुन्हा वेगळे करण्याचे असते.

२. प्रकरणाची हकिगत

एका तरुण विवाहितेचा जून १९८२ मध्ये पुण्यात पतीच्या घरी रात्री मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. मृत्यू पोटॅशियम सायनाइड या विषाने झाल्याचे निष्पन्न झाले. पती रसायन अभियंता होता. त्याचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध होते व त्यासाठी त्याने पत्नीला विष दिले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तिने आत्महत्या केली, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते.

विष देताना पाहणारा साक्षीदार नव्हता. सरकार पक्षाकडे होते ते असे : मृत विवाहितेने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे, तिने माहेरच्यांना व जवळच्या माणसांना सांगितलेल्या गोष्टी, त्या रात्री पती घरात होता ही बाब, त्याचे नंतरचे वर्तन आणि वैद्यकीय पुरावा.

१७ जुलै १९८४ रोजी न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली, न्यायमूर्ती ए. वरदराजन आणि न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने निकाल दिला. पत्रे व तोंडी कथने पुरावा म्हणून कितपत घेता येतील, यावर तिघांचा सूर सारखा नाही. आरोपीला सोडले पाहिजे या निष्कर्षावर मात्र तिघे एकत्र आले. तुम्हाला पाठ असलेल्या कसोट्या न्या. फझल अली यांनी लिहिलेल्या निकालपत्रातील आहेत.

३. पाच कसोट्या

आपल्या शब्दांत त्या अशा मांडता येतील :

१) ज्या परिस्थितीवरून दोषाचे अनुमान काढायचे, ती परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असली पाहिजे. 'सिद्ध झाली असावी' एवढे पुरेसे नाही.

२) सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपी दोषी आहे याच गृहीतकाशी जुळल्या पाहिजेत, दुसऱ्या गृहीतकाने त्यांचा उलगडा होता कामा नये.

३) त्या गोष्टी निर्णायक स्वरूपाच्या असल्या पाहिजेत.

४) सिद्ध करायचे ते गृहीतक सोडून बाकीची प्रत्येक शक्य शक्यता त्यांनी बाद केली पाहिजे.

५) पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असली पाहिजे की निर्दोषत्वाशी सुसंगत असा निष्कर्ष काढायला वाजवी आधार उरू नये आणि माणसाला शक्य तेवढ्या खात्रीने हे कृत्य आरोपीनेच केले असले पाहिजे असे दिसावे.

या कसोट्या अचानक आलेल्या नाहीत. 'हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या १९५२ च्या निकालात न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी त्यांचा पाया घातला होता. तो खटला खुनाचा नव्हता. त्यात महाजनांनी १८३८ च्या 'हॉज' या इंग्रज खटल्यातील न्यायाधीश आल्डरसन यांच्या इशाऱ्याचा आधार घेतला. परिस्थितीचे तुकडे एकमेकांत बसवण्यात माणसाच्या मनाला आनंद वाटतो, आणि एखादा तुकडा बसत नसेल तर मन तो थोडा ताणून बसवते, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. पाच कसोट्या विसरलात तरी हा इशारा लक्षात ठेवा, कारण कसोट्या त्याच्यापोटी जन्मल्या आहेत.

आता मुद्द्याची अडचण. दुसरी, चौथी आणि पाचवी कसोटी नीट वाचा. तिन्ही जवळजवळ एकच गोष्ट तीन प्रकारे सांगतात. शिवाय पुरावा तपासून झाल्यावर तो कसा दिसला पाहिजे, हे त्या सांगतात. तो तपासायचा कसा, हे सांगत नाहीत. म्हणूनच दोषी ठरवणाऱ्या निकालांतही त्या उद्धृत होतात आणि निर्दोष सोडणाऱ्या निकालांतही होतात. 'असेल' आणि 'असलाच पाहिजे' यांत लांब अंतर आहे, हा पहिल्या कसोटीमागील विचार १९७३ च्या 'शिवाजी साहबराव बोबडे' निकालातून आलेला आहे. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या त्या निकालाने सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपींची उच्च न्यायालयातील दोषसिद्धी कायम ठेवली, आणि संशयाच्या फायद्याचा अतिरेक करू नये असेही बजावले. एकाच निकालातील एक वाक्य आरोपीच्या बाजूने आणि दुसरे सरकारच्या बाजूने आजही वापरले जाते. कोणते वाक्य उद्धृत झाले यावरून न्यायालयाने पुराव्याचे काय केले हे कळत नाही.

४. न्यायालयाने प्रत्यक्षात काय केले?

'सारडा' निकालाचे खरे बळ कसोट्यांनंतरच्या पानांत आहे. तेथे तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट विषाच्या ताब्याची. विषप्रयोगाच्या खुनात चार बाबी पाहायच्या असतात, असे निकाल सांगतो : आरोपीला विष देण्याचा स्पष्ट हेतू होता का, मृत्यू त्याच विषाने झाला का, ते विष आरोपीच्या ताब्यात होते का, आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली का. यातील तिसरी बाब येथे सिद्ध झाली नव्हती. पती रसायन अभियंता होता हे खरे, पण त्यावरून त्याला सायनाइड मिळवता आले असते एवढेच म्हणता येते. 'मिळवता आले असते' आणि 'त्याच्याजवळ होते' ही दोन वेगळी विधाने आहेत. खालच्या न्यायालयांत पहिले विधान दुसऱ्याची जागा घेऊन बसले.

दुसरी गोष्ट आरोपीला विचारायच्या प्रश्नांची. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ नुसार (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ३५१) आरोपीविरुद्धची प्रत्येक परिस्थिती न्यायालयाने त्याच्यापुढे ठेवून त्याचा खुलासा मागायचा असतो. ज्या बाबी त्याला विचारल्याच नव्हत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने विचारातून पूर्ण वगळल्या. हा नियम वरवर तांत्रिक वाटतो. पण ज्याला फाशी होऊ शकते अशा माणसाला आपल्याविरुद्ध काय मोजले जात आहे हे कळलेच पाहिजे, ही त्यामागची साधी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट खोट्या बचावाची. आरोपीचे म्हणणे खोटे ठरले तर तो साखळीतील जादा दुवा मानता येतो का? निकालाचे उत्तर असे की, सरकार पक्षाची साखळी आधी स्वतःच्या बळावर पूर्ण झाली असेल तरच तसे करता येते. अपुरी साखळी आरोपीच्या खोटेपणाने जोडता येत नाही. माणूस भीतीने खोटे बोलतो, लाजेने बोलतो, घराची अब्रू झाकण्यासाठीही बोलतो.

या तीन गोष्टींमुळे 'कागद तेच, मग बदलले काय' या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितींच्या लांब यादीतील एकेक बाब बाहेर काढून विचारले : ही सिद्ध आहे की अनुमानित? यादीची लांबी पाहून न्यायालय दबले नाही.

५. साखळी की दोर?

आपल्या निकालांत 'साखळी' हे रूपक इतके रुजले आहे की त्याला दुसरा पर्याय असू शकतो हे ध्यानात येत नाही. १८६६ च्या 'एक्झॉल' या इंग्रज खटल्यात न्यायाधीश पोलॉक यांनी दोराचे रूपक सुचवले होते. साखळीचा एक दुवा तुटला की सगळी साखळी निकामी. दोर मात्र अनेक पेडांचा असतो; एकेक पेड वजन पेलणार नाही, पण सगळे मिळून पेलतात. एखादा पेड तुटला तरी दोर टिकू शकतो.

अडचण अशी की आपली न्यायालये बोलतात साखळीची भाषा, पण बरेचदा विचार करतात दोराच्या पद्धतीने. 'सर्व परिस्थितींचा एकत्रित परिणाम पाहता' हे शब्द आले की समजा, दोर वळला जात आहे. ती पद्धत मुळात चुकीची नाही. मात्र काही परिस्थिती दुवे असतात आणि काही पेड, हा भेद केला नाही तर कच्चे पेड मोजून दुव्याची उणीव भरून काढली जाते.

हा भेद दाखवणारे दुसरे प्रकरणही पुण्याशीच निगडित आहे. 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निकालात आरोपी डॉक्टर होता. त्याच्या उपचाराखाली असलेली एक सधन विधवा १९५६ मध्ये त्याच्यासोबत रेल्वेने पुण्याहून मुंबईला गेली. मुंबईला पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती आणि इस्पितळात मरण पावली. शवविच्छेदनात विष सापडलेच नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशी कायम केली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला आणि न्यायमूर्ती सरकार यांनी भिन्न मत नोंदवले.

'सारडा' प्रकरणात विष सापडले, तरी आरोपी सुटला. 'लागू' प्रकरणात विष सापडले नाही, तरी आरोपी फासावर गेला. ही विसंगती आहे का? दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. 'लागू' प्रकरणात आरोपीने इस्पितळात रुग्णाचे खोटे नाव दिले, तिच्या मृत्यूची बातमी नातलगांपासून लपवली, ती जिवंत आहे आणि तिने पुन्हा लग्न केले आहे असे भासवणारी बनावट पत्रे पाठवली आणि तिची मालमत्ता बळकावली. हे वर्तन कागदोपत्री सिद्ध झाले होते आणि ते एवढे विलक्षण होते की त्याचा दुसरा निरागस उलगडा बहुमताला दिसला नाही. तेथे दोर इतका जाड होता की एक पेड नसल्याने फरक पडला नाही. 'सारडा' प्रकरणात मृत्यूनंतरचे असे वर्तन नव्हते. म्हणून तेथे विषाचा ताबा हा पेड न राहता दुवा ठरला.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. विषप्रयोगाच्या चार बाबी सर्व खटल्यांना यंत्रासारख्या लावता येत नाहीत. तशा लावल्या तर 'लागू' निकाल चुकीचा ठरेल. कोणती परिस्थिती अत्यावश्यक आहे, हे त्या त्या प्रकरणातील बाकीचा पुरावा किती भक्कम आहे यावर ठरते. न्या. सरकार यांचे भिन्न मतही मुळातून वाचा. बहुमताला जे निर्णायक वाटले, ते एका अनुभवी न्यायमूर्तींना तसे वाटले नाही. 'वाजवी संशय' ही मोजपट्टी वाचणाऱ्याच्या हातात असते, याचे ते उदाहरण आहे.

६. पत्रांचे वाचन : निकालाची कमकुवत बाजू

आता 'सारडा' निकालातील ज्या भागावर माझी हरकत आहे तो भाग. मृत विवाहितेची पत्रे या खटल्याच्या केंद्रस्थानी होती. तेव्हाच्या पुरावा अधिनियमाच्या कलम ३२(१) नुसार (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम २६) मृत व्यक्तीचे तिच्या मृत्यूच्या परिस्थितीविषयीचे कथन पुराव्यात घेता येते. न्या. फझल अली यांनी या कलमाचा अर्थ उदारपणे लावला. विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याआधीच्या काही महिन्यांतील हकिगतही एकाच घटनेचा भाग असू शकते, असे त्यांचे म्हणणे. हे मत महत्त्वाचे आहे आणि त्यामुळे पुढील अनेक प्रकरणांत मृत स्त्रीचा आवाज न्यायालयात पोहोचला.

तो आवाज आत घेतल्यावर न्यायालयाने त्याचे काय केले? पत्रांत दुःख होते, एकटेपणा होता, पतीकडून होणाऱ्या उपेक्षेची तक्रार होती. सरकार पक्षाला त्यात पतीचा क्रूरपणा आणि खुनाचा हेतू दिसला. न्या. फझल अली यांना त्यात अतिशय हळवी, भावनाप्रधान स्त्री दिसली, जी निराशेत स्वतःचा जीव घेऊ शकेल. एकाच ओळीवरून एक न्यायालय पतीच्या स्वभावाकडे गेले आणि दुसरे पत्नीच्या.

आत्महत्येची शक्यता बाद होत नव्हती, हा निष्कर्ष मला योग्य वाटतो. सरकार पक्षाने ती बाद करायला हवी होती आणि त्याला ते जमले नाही. तेवढे म्हणणे आरोपीला सोडायला पुरेसे होते. पण निकाल तेथे थांबत नाही. पत्रांवरून तिच्या मनाची घडण ठरवण्यापर्यंत तो जातो. उलटतपासणीला उभी राहू न शकणाऱ्या, स्वतःविषयी काही सांगू न शकणाऱ्या व्यक्तीच्या मनाविषयी ठाम बोलणे हेही अनुमानच आहे. त्याला पहिली कसोटी कोणी लावली? पतीविरुद्धचे प्रत्येक अनुमान ज्या काटेकोरपणे तपासले गेले, तो काटेकोरपणा पत्नीविषयीच्या अनुमानांना मिळाला नाही.

कायद्याच्या भाषेत याचे समर्थन होऊ शकते. सरकार पक्षावर सिद्धतेचा भार असतो, बचाव पक्षाला केवळ वाजवी शक्यता दाखवायची असते. दोन्ही बाजूंना एकच मोजमाप लागत नाही. हे बरोबर आहे. पण शक्यता शिल्लक राहते एवढे सांगायला तिचा स्वभाव निश्चित करण्याची गरज नव्हती. निकालपत्र आरोपीबद्दल असते, तरी त्यात मृत व्यक्तीचे चित्रही कायमचे रेखले जाते, आणि ते चित्र दुरुस्त करायला तिच्याकडे अपील नसते.

७. खून किंवा काहीच नाही

येथे १९८२ चा कायदा लक्षात घ्यावा लागतो. तेव्हा भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ नव्हते. पतीकडून होणाऱ्या क्रूरतेविषयीचे ते कलम १९८३ च्या दुरुस्तीने आले (आता भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६). विवाहितेच्या आत्महत्येबाबत गृहीतक सांगणारे पुरावा अधिनियमाचे कलम ११३-अ सुद्धा त्याच दुरुस्तीतले. हुंडाबळीचे कलम ३०४-ब तर १९८६ मध्ये आले. आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम ३०६ होते, पण हा खटला खुनाचा म्हणून उभा राहिला होता.

परिणाम असा की न्यायालयापुढे एका बाजूला फाशी होती आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण सुटका. छळ झाला असेल, पण खून सिद्ध होत नाही, या मधल्या जागेसाठी कायद्यात फारशी सोय नव्हती. अशा वेळी खालच्या न्यायालयांना खुनाकडे झुकावेसे वाटते, कारण सोडून देणे त्यांना अन्याय वाटतो. आणि वरच्या न्यायालयाला ते झुकणे पुसून टाकावे लागते. पुराव्याचे वाचन केवळ तर्काने होत नाही, उपलब्ध गुन्ह्यांच्या यादीचाही त्यावर दाब असतो. पाच कसोट्यांत या दाबाचा उल्लेख नाही, पण तो ओळखल्याशिवाय हा निकाल पूर्ण समजत नाही.

८. बंद दाराआडचे मृत्यू

घरात, रात्री, फक्त पतीसमोर झालेल्या मृत्यूचे काय करायचे? हा प्रश्न 'सारडा' निकालानंतरही सुटला नाही. 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या २००६ च्या निकालात तो पुन्हा आला. पत्नीला साप चावला असे पतीच्या बाजूने सांगितले गेले. वैद्यकीय पुराव्यात मृत्यू गळा दाबल्याने झाल्याचे दिसले. सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवताना पुरावा अधिनियमाच्या कलम १०६ चा (आता साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९) आधार घेतला. एखादी गोष्ट विशेषकरून ज्याच्या माहितीत असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो, असे ते कलम सांगते. घराच्या चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्यात सरकार पक्षाकडून अशक्य दर्जाचा पुरावा मागता येत नाही आणि घरातल्या माणसाने खुलासा दिला पाहिजे, असा त्या निकालाचा सूर आहे.

हा 'सारडा' निकालाशी विरोध आहे का? वरवर तसे वाटते. पण फरक वैद्यकीय पुराव्यात आहे. गळा दाबून आलेला मृत्यू आत्महत्या असू शकत नाही. कोणीतरी ते केले हे आधीच सिद्ध होते आणि प्रश्न फक्त 'कोणी' एवढाच उरतो. सायनाइडने आलेला मृत्यू खूनही असतो, आत्महत्याही असते. तेथे 'काय घडले' हेच सिद्ध झालेले नसते. कलम १०६ 'कोणी' या प्रश्नात मदत करू शकते. 'काय घडले' हे सरकार पक्षालाच सिद्ध करावे लागते. १९५६ च्या 'शंभुनाथ मेहरा' निकालाने हे आधीच बजावले होते की हे कलम सरकार पक्षाला त्याच्या मूळ जबाबदारीतून मोकळे करत नाही.

ही सीमारेषा खालच्या न्यायालयांत सहज पुसली जाते. 'पती घरात होता, खुलासा पटत नाही, म्हणून दोषी' असा तीन पायऱ्यांचा निकाल तुमच्या वाचनात आला तर थांबा आणि पाहा : मृत्यू मानवी कृत्याने झाला हे सरकार पक्षाने स्वतंत्रपणे सिद्ध केले आहे का?

९. अपिलाचा निकाल कसा वाचावा?

खुनाच्या शिक्षेवरील कोणताही निकाल हाती आला की, कसोट्यांचा परिच्छेद ओलांडून पुढे जा आणि चार गोष्टी तपासा.

परिस्थितींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या साक्षीने किंवा कागदाने सिद्ध झाली ते लिहा. ज्या ओळीसमोर साक्ष लिहिता येत नाही, तेथे बहुधा अनुमान वस्तुस्थितीच्या वेषात बसलेले असते.

नंतर दुवे आणि पेड वेगळे करा. कोणती गोष्ट काढली तर सगळे कोसळते? हेतू बहुधा पेड असतो. विष किंवा शस्त्र आरोपीपर्यंत पोहोचवणारी गोष्ट बरेचदा दुवा असते.

मग पर्यायी शक्यतेकडे पाहा. न्यायालयाने ती पुराव्याशी ताडून बाद केली, की 'अशी स्त्री असे करणार नाही', 'निर्दोष माणूस असा वागत नाही' अशा वाक्याने? दुसऱ्या प्रकारच्या वाक्यात पुरावा नसतो, न्यायाधीशांची माणसांविषयीची समजूत असते. हीच तपासणी दोषी ठरवणाऱ्या आणि सोडणाऱ्या, दोन्ही निकालांना लावा.

शेवटी, आरोपीला प्रत्येक परिस्थितीबद्दल विचारले गेले होते का, ते पाहा.

१०. समारोप

पाठाच्या सुरुवातीला विचारले होते की कागद तेच असताना बदलले काय. सर्वोच्च न्यायालयाने सिद्ध झालेले आणि मानलेले यांत रेघ ओढली, आणि ती ओढल्यावर फाशीला आधार उरला नाही. मृत्यूपासून जेमतेम दोन वर्षे उलटली असताना एका माणसाचा जीव त्या रेघेने वाचला. तीच रेघ मृत स्त्रीच्या स्वभावचित्रणापाशी पुसट झाली, हे त्या निकालाचे न्यून आहे. तिचा मृत्यू कसा झाला, हे त्या निकालाने सांगितले नाही. अपिलाचे ते कामही नव्हते, पण तिच्या माहेरच्यांना त्याच प्रश्नाचे उत्तर हवे असणार.

उद्या तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी न्यायाधीश, कोणी बातमीदार. बहुतेक जण वर्तमानपत्र वाचणारे नागरिक असतील, जे 'परिस्थितिजन्य पुराव्यावर फाशी' किंवा 'पुराव्याअभावी सुटका' असा मथळा वाचून मत बनवतील. त्या मथळ्यामागे दरवेळी एक यादी असते. ती ओळीने वाचण्याची सवय लागली, तर पाच कसोट्या तोंडपाठ नसल्या तरी चालेल.

स्वाध्याय

१) वसतिगृहातील घड्याळाच्या उदाहरणात कोणती परिस्थिती दुवा आहे आणि कोणती पेड? कारणांसह लिहा.

२) 'लागू' प्रकरणात आरोपीने बनावट पत्रे पाठवली नसती, तर बाकीच्या पुराव्यावर दोषसिद्धी टिकली असती का? दोन्ही बाजू मांडा.

३) 'सारडा' निकालात आत्महत्येची शक्यता शिल्लक राहते, एवढेच म्हणून न्यायालय थांबले असते तर निकालाची ताकद कमी झाली असती का?

४) तुमच्या राज्यातील उच्च न्यायालयाचा परिस्थितिजन्य पुराव्यावरील कोणताही एक निकाल घेऊन त्यातील परिस्थितींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर तिचा पुरावा लिहा.